जोडचूक

छापखान्यात सगळे त्यांना वेलांटीबाई म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. ज्या बाईने एकतीस वर्षं दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात घालवली, तिला दुसरं नाव कुठून मिळणार? त्या मुद्रितशोधक होत्या. पुस्तक छापण्याआधीची कच्ची पानं त्यांच्या टेबलावर यायची. त्या लाल पेनाने चुका दाखवायच्या, समासात खुणा करायच्या आणि प्रत्येक दुरुस्तीपुढे सही आणि तारीख घालायच्या. उद्या कुणी विचारलं, की हे कुणी बदललं, तर तोंड लपवायला नको. सवय चांगली होती. या चांगल्या सवयीनेच त्यांना पुढे गोत्यात आणलं.

नवीन माणूस कामाला लागला, की बाई त्याला पहिल्याच दिवशी समोर बसवायच्या. "हे बघ, ओळीत एक चूक सापडली की डोळा खूश होतो. आपण केवढे हुशार, असं त्याला वाटतं. त्या खुशीत शेजारच्याच शब्दातली दुसरी चूक निसटते. म्हणून चूक सापडली की पुढं पळायचं नाही. तीच ओळ परत वाचायची." या शेजारच्या चुकीला बाई जोडचूक म्हणत. शब्द कोणत्याही कोशात नाही. तो त्या टेबलावर जन्मला आणि त्याच टेबलावर चालला.

घरी दोघीच. बाई आणि त्यांच्या थोरल्या नणंद. नवरा गेला त्याला नऊ वर्षं झाली. तो गेल्यावर नणंद दोन ट्रंका आणि शिलाई मशीन घेऊन भावजयीकडे राहायला आल्या. "तुला एकटीला जमायचं नाही," म्हणाल्या. कुणाला कुणाशिवाय जमत नाही, याचा निकाल अजून लागलेला नाही. नणंदेचा जन्म शाळेत मुलींना शिवण शिकवण्यात गेला होता, त्यामुळे दुसऱ्याची वाकडी शिवण उसवण्याची त्यांनाही खोड होतीच. चहात साखर किती यावरून दिवस सुरू व्हायचा आणि दिवा कुणी मालवायचा यावर संपायचा.

बाईंचं दुखणं सुरू झालं ते चार वर्षांपूर्वी. टेबलाच्या खालच्या खणातून कागद काढायला वाकल्या, की कधीकधी छातीत एकदम घण पडल्यासारखं व्हायचं. डोकं फुटेल असं दुखायचं, अंगाला दरदरून घाम, चेहरा पांढराफटक. दहा-पंधरा मिनिटं. मग जसं आलं तसं जायचं, आणि बाई ओल्या ब्लाउजने पुढची ओळ वाचायला घ्यायच्या.

गल्लीच्या तोंडावरच्या डॉक्टरांकडे त्या सहा वेळा गेल्या. दर वेळी तिथे पोचेपर्यंत सगळं निवलेलं असायचं, आणि दंडावर पट्टा गुंडाळला की बीपी जवळजवळ शहाण्या माणसासारखं. डॉक्टर म्हणाले, वय आहे. मग म्हणाले, या वयात बायकांना असं होतंच. मग म्हणाले, चिडचिड कमी करा. सहाव्या वेळी त्यांनी झोपेची गोळी लिहून दिली. पालथ्या घड्यावर पाणी.

"डॉक्टर काय खोटं सांगतात?" नणंद म्हणायच्या. "तुझ्या नाकावर राग. लोकांची वेलांटी चुकली तरी तुझं काळीज धडधडतं."

"मला राग आला म्हणून धडधडत नाही, वन्सं. धडधडतं म्हणून राग येतो."

"दोन्ही एकच."

"एकच नाही," बाई म्हणायच्या. पण चार वर्षं तेच तेच सांगून माणूस थकतो. पुढेपुढे त्यांनी सांगणं सोडून दिलं.

आणि मग आंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ लागली. सुपारीएवढी. या वेळी कुणी वय आणि चिडचिड काढली नाही. मोठ्या इस्पितळात पाठवलं, सुई घालून तुकडा काढला, आणि आठवड्याने कळलं की कॅन्सर आहे. पण लहान आहे, वेळेत सापडला, काढून टाकू, असंही तिथले मोठे डॉक्टर म्हणाले. बाईंनी मनात ऑपरेशनची तयारीही केली. त्याआधी फक्त एक स्कॅन राहिला होता.

स्कॅननंतर मोठ्या डॉक्टरांचा सूर बदलला. त्यांनी स्क्रीन बाईंकडे वळवला. डाव्या मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी असते, ॲड्रिनल म्हणतात तिला; त्या ग्रंथीत लिंबाएवढी गाठ होती. "पसरलाय," ते म्हणाले. "आता स्तनाचं ऑपरेशन करून उपयोग नाही. बाकी शरीरात गेलाय तो. गोळ्या देऊ. जितके दिवस चांगले जातील तितके."

बाईंनी विचारलं, "नक्की?"

"रिपोर्ट आलाय ना," डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं.

त्या दिवसापासून एक नवाच छळ सुरू झाला. लोक गोड वागायला लागले. छापखान्याच्या मालकांनी जाडजूड हस्तलिखितं दुसऱ्यांकडे वळवली आणि बाईंना लग्नपत्रिका तपासायला दिल्या. ज्यांनी जन्मभर त्यांच्याशी अनुस्वारावरून वाद घातला, ते "तुम्ही म्हणाल तसं" म्हणायला लागले. घरी नणंदेने साखरेवरून भांडणं बंद केलं. बाई मुद्दाम म्हणाल्या, "चहा पांचट झालाय," तर नणंद उठून दुसरा करून घेऊन आल्या. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. जिवंत माणसाशी कुणी असं वागतं का?

आणि झटके? ते चालूच होते, उलट वाढले होते. पण ते आता कोण मोजणार? कॅन्सरपुढे घामाची काय कथा. मोठ्या डॉक्टरांना बाईंनी त्याबद्दल एका शब्दाने सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

असे साडेचार महिने गेले. गोळ्या चालू, गाठ मात्र हाताला मोठी लागत होती. मग एका दुपारी इस्पितळातला फायली नेणारा-आणणारा माणूस रजेवर होता, म्हणून खिडकीवरच्या कारकुनाने बाईंच्याच हातात त्यांची फाइल दिली. "चौथ्या मजल्यावर नेऊन द्या. उघडू नका."

मुद्रितशोधकाच्या हातात छापील कागद द्यायचा आणि वाचू नका म्हणायचं, म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवण्यासारखं. बाई जिन्याजवळच्या बाकावर बसल्या, चष्मा काढून पुसला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. रोगाच्या नावाच्या तीन ठिकाणी तीन तऱ्हा होत्या. एका ठिकाणी डाव्याचं उजवं झालं होतं आणि पुढच्या पानावर परत डावं. बाईंच्या तोंडून नुसते चुकचुक आवाज निघत होते. मग स्कॅनचा मूळ रिपोर्ट आला. शेवटची ओळ अशी होती:

'डाव्या ॲड्रिनल ग्रंथीत गाठ. स्तनाचा कॅन्सर पसरला आहे?'

बाईंनी ओळ परत वाचली. मग पुढचं पान काढलं, जिथे दुसऱ्या कुणीतरी तीच ओळ टिपणात उतरवली होती. 'स्तनाचा कॅन्सर पसरला आहे.' त्याच्या पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्याही. अकरा पानं, अकरा वेळा पूर्णविराम. स्कॅन वाचणाऱ्याने प्रश्न विचारला होता, आणि उतरवून घेणाऱ्याने त्याचं उत्तर करून टाकलं होतं. उतरवताना प्रश्नचिन्ह गळलं होतं, बस.

बाईंनी मूळ रिपोर्टचं पान आणि त्याची पहिली नक्कल वेगळी काढली.

त्या तशाच मोठ्या डॉक्टरांच्या दाराशी गेल्या, दीड तास थांबल्या, आत गेल्या आणि दोन्ही पानं टेबलावर शेजारी-शेजारी ठेवली. डॉक्टरांनी पाहिली. "स्तनाचा कॅन्सर असताना ॲड्रिनलमध्ये गाठ दिसली, तर ती बहुतेक त्याचीच असते," ते म्हणाले. "दोन वेगळे आजार एकदम होणं फार दुर्मिळ. एका चिन्हाने काय फरक पडतो, बाई?"

एकतीस वर्षांत हे वाक्य त्यांना पुष्कळांनी ऐकवलं होतं. कवींनी, सरकारी बाबूंनी, औषधाच्या बाटलीवरचं लेबल छापायला आणणाऱ्यांनी. आणि एकतीस वर्षं त्या एकच उत्तर देत आल्या होत्या: पडतो. आज मात्र तेवढ्यावर भागणार नव्हतं. 'बहुतेक' म्हणजे 'नक्की' नव्हे, एवढंच सांगायचं होतं. शितावरून भाताची परीक्षा ठीक आहे, पण दुसरं शीत त्याच भांड्यातलं आहे हे तरी बघा. तोपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता.

बाहेर बाकावर बाईंनी जे केलं, ते मुद्रितशोधकाशिवाय कुणी केलं नसतं. पर्समधून लाल पेन काढलं. अकराच्या अकरा पानांवर 'आहे'च्या पुढच्या पूर्णविरामावर काट मारली, काकपद काढलं, म्हणजे कावळ्याच्या पायासारखी ती उलटी खूण, आणि वर ठसठशीत प्रश्नचिन्ह घातलं. समासात लिहिलं, 'मुळाप्रमाणे'. खाली सही. तारीख. मग फाइल चौथ्या मजल्यावर देऊन त्या शांतपणे घरी गेल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी काम केल्यासारखं वाटलं.

चौथ्या दिवशी रेकॉर्डच्या खिडकीवर बोलावणं आलं. नणंदही बरोबर गेल्या. कारकुनाने फाइल काचेला लावून धरली. "हे कुणी केलं?"

"मी. सही आहे की."

"पेशंटने इस्पितळाच्या कागदात फेरफार करायचा? गुन्हा आहे हा. चौकशी होईपर्यंत फाइल बंद. गोळ्या मिळणार नाहीत, तारीख मिळणार नाही."

"मी फेरफार केला नाही, दुरुस्ती केली. फेरफार तुमच्या माणसाने केलाय. मूळ रिपोर्ट पाहा."

"ते मला सांगू नका. वर जाऊन सांगा."

"वर सांगितलं. वरचे म्हणतात रिपोर्टमध्ये आहे. रिपोर्टमध्ये नाही म्हटलं, तर तुम्ही म्हणता वर जा. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. नणंद मागून पदर ओढत होत्या, "अगं, माफी माग आणि मोकळी हो." कारकून फाइल आत ओढत होता, बाईंनी दुसरं टोक धरलं होतं. फाइलची दोरी तुटली आणि सगळे कागद जमिनीवर पसरले. बाई ते गोळा करायला वाकल्या.

वाकल्या त्या तिथेच बसल्या. घण पडायला लागला. घाम, पांढरा चेहरा, डोक्यात सणका. नणंद "बघा, बघा, राग राग करून" म्हणत होत्या, पण आवाज फाटला होता. रांगेत मागे एक ठेंगणे, वयस्क डॉक्टर कुठलीशी जुनी फाइल मागायला उभे होते. ऑपरेशनच्या वेळी पेशंटला भूल देणारे. त्यांनी बाईंचा चेहरा पाहिला, शेजारच्या खोलीतून बीपीचं यंत्र आणलं आणि जमिनीवर बसून पट्टा बांधला. दोनशे चाळीस. त्यांनी परत मोजलं. दोनशे अडतीस. पंधरा मिनिटांनी एकशे चाळीस.

"किती दिवस होतंय हे?"

"चार वर्षं."

"कुणाला सांगितलंत?"

"गल्लीतल्या डॉक्टरांना. सहा वेळा."

"इथे? कॅन्सरच्या डॉक्टरांना?"

बाईंनी आठवून पाहिलं. इथे कुणालाच नाही. कॅन्सर सापडला आणि त्यांनी बाकीचं सगळं सोडून दिलं होतं. दर नव्या माणसाला समोर बसवून जो धडा शिकवला, तो स्वतःच्या अंगावर आला तेव्हा त्यांनी ती ओळ परत वाचली नव्हती. अशी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

भूलवाल्या डॉक्टरांनी जमिनीवरचे कागद उचलून चाळले. लाल खुणांपाशी थांबले. "हे बरोबर आहे," ते म्हणाले. कारकुनाने खिडकी लावून घेतली.

पुढे जे झालं ते भराभर झालं असं वाटत असेल, तर तसं नाही. बंद केलेली फाइलच भूलवाल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आठवड्याने उघडली. ॲड्रिनलमध्ये एका जातीची गाठ होते, ती वेळी-अवेळी रक्तात असं काही सोडते की हृदय उधळतं. तिचं नाव एवढं लांब, फिओक्रोमोसायटोमा, की बाईंनी ते तीनदा लिहवून घेतलं आणि दोनदा सुधारलं. ती आहे का हे कळायला चोवीस तासांची लघवी एका डब्यात साठवून न्यावी लागते. तो डबा नणंदेने भरलेल्या बसमधून मांडीवर नेला. शेजारच्या बाईने "लोणी का हो?" विचारलं, आणि नणंद म्हणाल्या, "हो, घरचं." तपासणी एकदा प्रयोगशाळेने हरवली. दुसऱ्यांदा निकाल आला: हीच गाठ. स्तनाच्या कॅन्सरशी हिचा काही संबंध नाही. दोन वेगळे आजार, एका देहात, एकाच वेळी. ग्रंथी काढण्याआधी तीन आठवडे बीपी आवरायच्या गोळ्या. मग ऑपरेशन. झटके थांबले.

तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले, "एका अर्थी बरंच झालं. पहिल्या महिन्यात हे माहीत नसताना स्तनाचं ऑपरेशन केलं असतं, तर भूल दिल्यावर बीपी भडकून तुम्ही टेबलावरच गेला असतात."

बाईंना वाटलं, यांच्या डोक्यावर शाईची बाटली ओतावी. म्हणजे चूक केली म्हणून जीव वाचवला! आता आभार मानायचे राहिलेत. आणि वाईट हे, की ते खोटं नव्हतं. त्याचाच संताप जास्त आला.

कारण दुसरी बाजूही होतीच. मूळची गाठ, ती सुपारीएवढी, वेळेत सापडलेली. नव्या तपासणीत ती दुप्पट भरली, आणि काखेतल्या तीन गाठींमध्ये पोचली होती. बरी व्हायची आशा अजून होती. पण आता नुसतं ऑपरेशन पुरणार नव्हतं; मागाहून सहा महिन्यांची कडक औषधं, केस जाणार, आणि पहिल्या महिन्यात जेवढी होती तेवढी ती आशा उरली नव्हती. ज्या सहा-सात महिन्यांत कॅन्सर पसरलाय म्हणून सांगत होते, त्याच महिन्यांत तो खरा पसरला.

स्तनाच्या ऑपरेशनची तारीख मंगळवारची मिळाली. शुक्रवारी संमतीचा कागद पुढे आला. पेशंटची सही, आणि खाली नातेवाइकाची. बाईंनी चष्मा लावला. कागदाच्या मधोमध एक वाक्य होतं:

'निदानास विलंब झाल्यामुळे आजार काखेतील गाठींपर्यंत पोहोचला असून, याची रुग्णास कल्पना देण्यात आली आहे.'

शुद्धलेखन चोख. वेलांटी, अनुस्वार, सगळं जागच्या जागी. बाईंनी ते दोनदा वाचलं.  मग सही केली, तारीख घातली आणि कागद नणंदेकडे सरकवला.

नणंद हळू वाचायच्या, शब्दावर बोट ठेवून. इतकी वर्षं डॉक्टर म्हणतील ते खरं, असंच त्या म्हणत आल्या होत्या. बोट एका जागी येऊन थांबलं.

"विलंब झाला?" त्या टेबलापलीकडच्या नर्सला म्हणाल्या. "तो काय पाऊस आहे, आपोआप व्हायला? केला म्हणा की. कुणी केला ते लिहा. माझ्या भावाची बायको आहे ही. मी सही करणार नाही."

"आजी, हा छापील मसुदा आहे. बदलायचा तर समितीकडे जाईल. मग मंगळवारचं काही सांगता येणार नाही."

"जाऊ दे समितीकडे." नणंद बाईंकडे वळल्या. "तुझं लाल पेन कुठाय गं? दे इकडे."

बाईंनी पर्स घट्ट धरली. कुणी केला? स्कॅन उतरवणाऱ्याने, एका चिन्हाने काय होतं म्हणणाऱ्याने, सहा वेळा वय सांगणाऱ्याने, आणि एका ओळीत एक चूक सापडल्यावर गप्प बसलेल्या मुद्रितशोधकाने. एवढी नावं त्या वाक्यात मावली नसती. मावली असती तरी मंगळवार गेला असता.

त्यांनी टेबलावरचं निळं पेन उचललं आणि नणंदेच्या बोटांत दिलं.

"राहू द्या, वन्सं," त्या म्हणाल्या. "चुकीसकट जाऊ द्या. सही करा."